फलजचं पाणी आणि गावाकडचा बोअर

मस्कतहून उन्हाळ्यात गावी फोन लावला की एक प्रश्न हमखास येतो, "तुमच्याकडं पाण्याचं कसं काय?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. ओमान म्हणजे वाळवंट, तिथं पाणी कुठून असणार, असं त्यांना वाटतं. त्यात चूक काहीच नाही. या देशात बारमाही नदी एकही नाही. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. आपल्या माण-खटावसारख्या दुष्काळी भागातही याच्या चौपट पाऊस पडतो. तरीही मस्कतमध्ये आमच्या नळाला रोज पाणी असतं, आणि फोनच्या पलीकडं, पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावात, मार्च संपता संपता टँकरची चर्चा सुरू झालेली असते.

मस्कतच्या नळाचं कोडं सोपं आहे. ते पाणी मुख्यतः समुद्राचं. १९७६ साली इथल्या अल घुब्रा भागात खारं पाणी गोडं करणारा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला आणि त्यानंतर किनाऱ्यावर असे आणखी प्रकल्प आले. पदरात तेल आणि वायू असला की हे जमतं. तेही बिनघोर नाही. २००८-०९ च्या सुमारास या समुद्रात सूक्ष्म शैवाल इतकं माजलं की पाणी लालसर झालं आणि या भागातले काही प्रकल्प काही काळ बंद ठेवावे लागले. आणि समुद्राचं पाणी महागडं; त्याच्यावर खजुराची बाग किंवा कांद्याचं शेत पोसणं परवडत नाही. शेती आजही जमिनीतल्या पाण्यावरच आहे. ओमानमध्ये वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त पाणी शेतीला लागतं.

म्हणून या देशाकडून पाण्याबाबत काही शिकायचं असेल तर मस्कत सोडून आत, डोंगराच्या बाजूला जावं लागतं. निझवाच्या रस्त्यावर बिरकत अल मौज नावाचं गाव आहे. 'केळीचं तळं' असा त्या नावाचा अर्थ. मस्कतमधली मराठी मंडळी सुट्टीच्या दिवशी जबल अखदरला जाताना इथं हटकून थांबतात, पडक्या मातीच्या घरांचे आणि खजुराच्या बागेचे फोटो काढतात. तिथंच रस्त्याच्या कडेनं स्वच्छ पाण्याचा एक पाट वाहत असतो. मुलं त्यात पाय बुडवून बसतात. तो पाट म्हणजे फलज अल खतमैन. २००६ साली युनेस्कोनं ओमानमधल्या ज्या पाच फलजांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यातला हा एक. बाकीचे चार म्हणजे दारिस, मलकी, मुयस्सर आणि जीला.

डोंगराच्या पोटातून आलेला पाट

फलजचं अनेकवचन अफलाज. या अरबी शब्दाच्या मुळाशी 'दुभागणे, वाटणे' असा अर्थ आहे, म्हणजे वाटणी नावातच आली. देशभरात असे सुमारे ३००० फलज आजही वाहते आहेत असं युनेस्कोची नोंद सांगते. ही पद्धत इसवी सन ५०० च्या आसपासची असावी असा अंदाज आहे, आणि या भागात पाणी वळवून शेती करण्याच्या खुणा तर साडेचार हजार वर्षांपर्यंत मागं जातात.

फलज तीन प्रकारचे. झऱ्यावरून येणारा तो ऐनी. वाडीच्या, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्याच्या, वरच्या अंगाला वाहणारं पाणी वळवून आणलेला तो घैली. आणि सगळ्यांत कष्टाचा तो दाऊदी. दाऊदचा मुलगा पैगंबर सुलेमान यांनी जिनांकडून दहा दिवसांत दहा हजार पाट खोदून घेतले अशी दंतकथा आहे, त्यावरून हे नाव. दाऊदी फलजसाठी डोंगराच्या पायथ्याशी आधी एक खोल विहीर खणतात. तिला 'उम्म', म्हणजे आई म्हणतात. या आई-विहिरीला पाणी लागलं की तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढायचा. त्याला उतार इतका हलका द्यायचा की पाणी आपसूक चालत गावाला यावं, पण माती कापत सुटू नये. काही ठिकाणी हे बोगदे कित्येक किलोमीटर लांब आहेत. मधे मधे हवा आणि गाळ काढण्यासाठी उभी विवरं. ना मोट, ना इंजिन, ना वीज. रात्रंदिवस पाणी येतच राहतं.

यातली मेख लक्षात घ्या. आई-विहिरीजवळ भूजलाची पातळी जेवढी, तेवढंच पाणी फलजला येणार. पातळी खाली गेली की पाट बारीक होतो, पाऊस झाला की पुन्हा फुगतो. भूगर्भात जेवढं साठलं त्याच्या वरचंच पाणी माणसाला मिळतं. तळ खरवडण्याची सोयच या रचनेत नाही. आपल्या बोअरमध्ये आणि फलजमध्ये मोठा फरक आहे तो हाच.

पाणी गावात उघड्यावर येतं ती पहिली जागा पिण्याच्या पाण्यासाठी राखलेली. त्याच्याखाली मशिदीचं वजूचं पाणी, मग आंघोळीच्या आणि धुण्याच्या जागा, आणि मग शेती. शेतीतही आधी खजूर, कारण झाड मेलं तर पुन्हा उभं करायला वर्षं जातात. सगळ्यांत शेवटी हंगामी पिकांची जमीन. पाणी कमी झालं की ही शेवटची जमीन त्या वर्षी पडीक ठेवतात. कोणतं शेत आधी सोडायचं हे दुष्काळ पडण्याआधीच ठरलेलं असतं, त्यामुळे ऐन टंचाईत भांडण कमी.

घड्याळ, तारे आणि अरीफ

आता वाटणीचं. फलजचं पाणी लिटरमध्ये मोजत नाहीत, वेळेत मोजतात. एकक आहे 'अथर', साधारण अर्ध्या तासाचं. दिवसरात्रीचे ४८ अथर. कुणाच्या वाट्याला चार, कुणाच्या दोन, कुणाच्या अर्धाच. ठरावीक दिवसांनी पाळी पुन्हा फिरून येते. आपल्याकडे 'पाणीपाळी' म्हणतात, अगदी तेच. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्यावरून अथर मोजत. आता बहुतेक ठिकाणी मनगटावरचं घड्याळ असतं, पण तारे ओळखणारी म्हातारी माणसं काही गावांत अजून आहेत.

वेळ वाटून घेण्याचा फायदा असा, की पाट बारीक झाला तरी तुमचा अर्धा तास कुणी काढून घेत नाही. त्या अर्ध्या तासात पाणी कमी येतं एवढंच. तूट सगळ्यांच्या अंगावर सारखी पडते. वरच्या शेतकऱ्याला भरपूर आणि शेपटाकडच्याला कोरडं, असा कालव्यावरचा आपला नेहमीचा अनुभव इथं सहसा येत नाही.

हे सगळं चालवायला गावाची स्वतःची माणसं असतात. 'वकील' हा फलजचा कारभारी. 'अरीफ' पाळ्या लावतो आणि वेळ बघतो. एक जण हिशेबाची वही सांभाळतो. आणि एक 'दलाल', जो लिलाव पुकारतो. काही अथर कुठल्याच घराचे नसतात, ते खुद्द फलजच्या नावावर असतात. ठरलेल्या दिवशी त्यांचा लिलाव होतो, आणि आलेल्या पैशातून गाळ काढणं, बोगदा दुरुस्त करणं, अरीफचा मेहनताना हे खर्च निघतात. मशिदीच्या नावावरही असेच हिस्से असतात. म्हणजे पाट स्वतःचा खर्च स्वतः कमावतो. सरकारी निधी येईपर्यंत फुटक्या चारीकडं बघत बसायचं, हा प्रकार नाही.

हे रामराज्य आहे असं मात्र कुणी समजू नये. अथर विकत घेता येतात, विकता येतात, वारशानं येतात. पैसेवाल्याकडे जास्त, गरिबाकडे कमी. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन काही घरांच्या वाट्याला आता काही मिनिटंच उरली आहेत. बागेत प्रत्यक्ष राबणारा माणूस आज बऱ्याचदा बांगलादेशी किंवा भारतीय असतो, आणि त्याच्या नावावर पाण्याचा एक थेंब नसतो. तरीसुद्धा एक गोष्ट कबूल करावी लागते: नियम सगळ्यांना ठाऊक आहेत, हिशेब उघड आहे, आणि तक्रार ऐकणारा माणूस त्याच गावात राहतो.

पंप आला आणि पाट बारीक झाला

इतकी शतकं टिकलेल्या या व्यवस्थेला धक्का दिला तो पंपानं. १९७० नंतर ओमानमध्ये रस्ते आले, वीज आली, डिझेलचे पंप आले. ज्याला परवडेल त्यानं स्वतःची विहीर खणली. अरीफची पाळी नको, गावाशी भांडण नको, बटण दाबलं की पाणी. १९९० च्या दशकात सरकारनं देशभरातल्या विहिरींची मोजणी केली तेव्हा त्या दीड लाखांहून जास्त भरल्या.

फलजला याची झळ थेट लागते. आई-विहिरीच्या वरच्या अंगाला कुणी खोल विहीर घेऊन पंप लावला की भूजलाची पातळी बोगद्याच्या खाली जाते, आणि हजार वर्षं वाहणारा पाट कोरडा पडतो. गावचा वकील पाटावर राज्य करतो, पण तीन किलोमीटरवरच्या पंपावर त्याची सत्ता चालत नाही. जुन्या इस्लामी कायद्यात 'हरीम' नावाची कल्पना होती: पाण्याच्या स्रोताभोवती ठराविक अंतरात दुसऱ्यानं खणू नये. पण ते अंतर कुदळीनं खणणाऱ्यांसाठी ठरलेलं. पंपापुढं ते अपुरं पडलं.

किनाऱ्यावरची गोष्ट आणखी वाईट. मस्कतच्या वायव्येला बातिना ही सपाट किनारपट्टी आहे: बर्का, मुसन्ना, सुवैक, सोहार. ओमानची मोठी शेती इथंच. इथं उपसा इतका वाढला की समुद्र जमिनीखालून आत शिरला. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून किनाऱ्यालगत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समतोलाचा हिशेब असा, की वरची गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली आली की खालचं खारं पाणी जवळजवळ चाळीस मीटर वर सरकू शकतं. बर्का-सुवैकच्या रस्त्यानं जाताना समुद्राच्या बाजूला शेंडे झडलेली, करपलेली खजुराची झाडं दिसतात. कुणाच्या आजोबांनी लावलेली ती बाग. तिला पाणी कमी पडलं नाही, खारं पडलं. आणि एकदा खारावलेला भूजलसाठा पुन्हा गोडा व्हायला फार मोठा काळ लागतो.

सरकार गप्प बसलं नाही. १९८८ साली सुलतानांच्या फर्मानानं पाणी ही राष्ट्रीय संपत्ती ठरली. जमीन तुमची असली तरी खालचं पाणी देशाचं. नवीन विहिरीला परवाना लागू लागला. पुढच्या नियमांनी फलजच्या आई-विहिरीपासून साडेतीन किलोमीटरच्या आत नवीन विहिरीला बंदी आली. १९८५ साली मस्कतजवळ अल खौद इथं मोठा पुनर्भरण बंधारा बांधला गेला. पुराचं पाणी अडवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि मग निवळलेलं पाणी हळूहळू सोडून जमिनीत मुरवायचं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, त्यांचाच हा थोरला भाऊ. असे बंधारे नंतर अनेक वाड्यांवर झाले.

पण मुरवणं ही अर्धीच गोष्ट. उपसा वाढतच गेला तर कितीही मुरवलं तरी पुरत नाही. बातिनात आजही हाच पेच आहे.

हे आपल्याकडंही होतं

हे सगळं वाचून 'अरबांचं काहीतरी वेगळंच' असं वाटत असेल तर थोडं थांबा. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी आठवा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरच्या काळात डोंगराच्या बाजूचं भूजल जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं गेलं. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच सुमाराचा, आणि तो तर थेट फलजचा चुलतभाऊ: डोंगराच्या पायथ्याशी विहिरींची रांग, त्यांना जोडणारा बोगदा, उताराने येणारं पाणी.

आणि वाटणीची व्यवस्था म्हणाल तर धुळे-नाशिककडची फड पद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवर लहान बंधारे, त्यावरून निघणारे पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल तर कोणते फड भिजवायचे हे गावानं ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांनी द्यायचा. साक्रीचा पाटकरी आणि निझवाचा अरीफ समोरासमोर बसले तर भाषा समजली नाही तरी एकमेकांचं काम लगेच समजेल. तीन-चारशे वर्षं चाललेली ही पद्धतही वरच्या अंगाला मोठी धरणं आणि शेताशेतात विहिरी झाल्यावर आक्रसत गेली.

जमीन माझी, म्हणून पाणी माझं?

आपल्या भूजलाचं दुखणं एका जुन्या समजुतीत आहे: माझ्या जमिनीखालचं पाणी माझं. तिला १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्याचा आधार मिळाला. जमिनीच्या मालकानं आपल्या हद्दीत, जमिनीखालचं पाणी गोळा करावं आणि वापरावं, हा त्याचा हक्क. कुदळ-फावड्याच्या काळात यानं फारसं बिघडलं नाही. पण पाणी सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात. शेजाऱ्याच्या सहाशे फुटी बोअरला लागलेली भेग माझ्या विहिरीच्या तळातूनच जात असेल. मग ते पाणी कुणाचं? ज्याचा पाइप खोल त्याचं. आज चालतो तो कायदा हाच. जगात सर्वांत जास्त भूजल उपसणारा देश भारत आहे, तो याच वाटेनं झाला.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. तेव्हा आखाती देशांतल्या आम्हा मराठी लोकांच्या फोनवर ती छायाचित्रं फिरत होती. इथल्या सहकाऱ्यांनी विचारलं, "तुमच्याकडं तर नद्या आहेत ना?" काय उत्तर देणार?

याच महाराष्ट्रात उलटं करून दाखवणारी माणसंही झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे आमच्या पुरंदर तालुक्यातल्या नायगावला आले. देवस्थानची ४० एकर जमीन भाड्यानं घेऊन त्यांनी पाणलोटाचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचताना दचकायला होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा काही वाटा लाभ घेणाऱ्यांनी आधी भरायचा. फलजमध्ये पैसेवाल्याला जास्त अथर घेता येतात. साळुंख्यांनी ती वाटच बंद केली. न्यायाच्या बाबतीत आमचं नायगाव निझवाच्या पुढं गेलं, हे मी इथं अभिमानानं सांगतो.

दुसरं नाव हिवरे बाजार. अहिल्यानगर जिल्ह्यातलं कमी पावसाचं गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं तिथं शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी घातली. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात: किती पाऊस पडला, किती मुरला, आधी माणसांना आणि जनावरांना किती, आणि उरल्यावर कोणतं पीक किती. पाऊस कमी तर पीकही कमी. बिरकत अल मौजला शेवटची जमीन पडीक ठेवतात, तोच हा विचार, फक्त कागदावर मांडलेला.

राज्यानं कायदेही केले. १९९३ चा कायदा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवीन विहिरीला आवर घालण्यासाठी, पाचशे मीटरचं अंतर ठेवून. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना चाप आहे, पाणलोट पातळीवरच्या समित्या आहेत, टंचाईच्या क्षेत्रात पीक नियोजनही आहे. केंद्राची अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तिच्या सात राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला, आणि ग्रामपंचायतीनं पाण्याचं अंदाजपत्रक करावं असं तिनं सांगितलं. कागद चांगला आहे. पण साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. तुमच्या गावात गेल्या वर्षी झालेले बोअर किती फुटांचे, हे घरी फोन करून विचारा, म्हणजे कायदा कुठवर पोहोचला ते समजेल.

मग मालक कोण?

दोन्ही देश बघितल्यावर माझं मत असं झालं आहे. पाण्याची वाटणी गावानं करावी आणि स्रोताची राखण सरकारनं. एकाचं काम दुसऱ्यानं केलं की बिघडतं.

मस्कतच्या मंत्रालयातला अधिकारी कुणाच्या खजुराला आज रात्री पाणी द्यायचं हे ठरवू शकत नाही. ते अरीफलाच कळतं. पुण्या-मुंबईचा अधिकारीही कोणत्या फडाला पाणी हे ठरवू शकत नाही. पण अरीफ कितीही प्रामाणिक असला तरी वरच्या अंगाचा पंप बंद करायची ताकद त्याच्यात नाही. हिवरे बाजारनं आपल्या हद्दीत बोअर बंद केले, पण हद्दीपलीकडच्या बोअरचं काय? तिथं परवाना, अंतर, दंड हे सरकारनंच बघायला हवं, आणि बघताना श्रीमंत-गरीब करू नये.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रश्नावरच्या कामासाठी. तिच्या अभ्यासाची सुरुवात भूजलापासून झाली. लॉस एंजेलिसजवळच्या भूजल खोऱ्यात अतिउपशानं समुद्राचं पाणी शिरत होतं, अगदी बातिनासारखं. तिथल्या पाणी वापरणाऱ्यांनी कोर्टाच्या मदतीनं आपसांत उपशाची मर्यादा ठरवली. १९६५ च्या तिच्या प्रबंधाचा विषय हाच होता. पुढं जगभरच्या उदाहरणांवरून तिनं दाखवलं, की सामायिक संपत्ती लोक नीट सांभाळू शकतात. हद्द स्पष्ट हवी, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात हवा, लक्ष ठेवणारा माणूस त्यांना जबाबदार हवा, चुकणाऱ्याला आधी थोडी आणि मग मोठी शिक्षा हवी, आणि सरकारनं लोकांचा हा अधिकार मान्य करायला हवा. फलजच्या वकिलाला आणि फडाच्या हवालदाराला यातलं काही नवीन वाटलं नसतं.

आपल्या खिशातला बोअर

आता आपल्याबद्दल. आखातात राहणाऱ्या मराठी माणसाचा या प्रश्नाशी संबंध काय? फार जवळचा आहे. गावाकडच्या बोअरचे पैसे बऱ्याचदा आपल्या पगारातून जातात.

माझ्या धाकट्या भावाचा फोन येतो, "दादा, विहीर आटली. पलीकडच्यांनी पाचशे फुटांवर पाणी काढलंय. आपण सहाशे मारू. अंजिराची बाग जळून चाललीय रे." यात त्याचं काही चुकत नाही. बाग बाबांनी लावलेली. शेजाऱ्यानं पाणी ओढलं आणि आपण हात जोडून बसलो तर फक्त आपलीच बाग जाईल. एकट्यानं संयम पाळणं म्हणजे दुसऱ्याला पाणी आंदण देणं. म्हणूनच 'लोकांनी समजूतदार व्हावं' असल्या उपदेशाचा इथं उपयोग नाही. सगळ्यांना एकदम लागू होणारा नियमच हवा.

शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला शेततळं, ही मूळ कल्पना उत्तम. पण बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक अंथरून त्यात विहिरी-बोअरचं पाणी उपसून भरलं जातं. सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या ताडपत्रीत येतं, आणि त्यातलं बरंच उन्हाला जातं. त्याचेही पैसे कधी कधी रियालमधूनच आलेले असतात.

म्हणून पैसे पाठवण्याआधी मी घरच्यांना तीन प्रश्न विचारायला लागलो आहे. तुम्हीही विचारून बघा. पहिला, गावच्या पिण्याच्या विहिरीपासून आपला बोअर किती अंतरावर? दुसरा, या वर्षी गावानं पाण्याचा ताळेबंद मांडला का, आणि त्यात आपल्या पिकाला पाणी बसतं का? तिसरा, तेवढेच पैसे ठिबकवर, जुन्या विहिरीचा गाळ काढण्यावर किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक विहीर वाटून घेण्यावर घातले तर? पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाऊ वैतागला. "तिकडं एसीत बसून ताळेबंद विचारतोस," म्हणाला. आई मात्र म्हणाली, "विचारतोय ते खोटं नाही. तुझ्या आज्याच्या वेळी विहिरीवर चौघांच्या पाळ्या होत्या, बांधावर दगड मांडून मोजायचे." ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरातही अथर होते तर.

बोअरचा निर्णय अजून झालेला नाही. भाऊ आणि शेजारचे दोघे जुन्या विहिरीचं बघतायत. जमेल की नाही, सांगता येत नाही. तिघांतल्या एकानं मोडलं तर उरलेले दोघेही बोअरची गाडी बोलावतील, हे मला माहीत आहे.

ग्रामसभा वर्षातून चार ठरलेल्या दिवशी होतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. इथल्या भारतीय शाळांना जून-जुलैत सुट्टी असते, आणि आपल्यातले बरेच जण त्याच सुमारास गावी असतात. परतीचं तिकीट पंधरा ऑगस्टनंतरचं काढता आलं तर काढा. झेंडावंदन झाल्यावर जिलबी खाऊन घरी न येता ग्रामसभेला बसा आणि एवढंच विचारा, की आपल्या गावात बोअर किती, त्यांची नोंद कुठं आहे, आणि यंदा पाणी किती आहे. बाहेरून आलेला माणूस म्हणून लोक हसतील कदाचित. पण पैसे पाठवताना आपण बाहेरचे नसतो, मग विचारताना तरी का असावं?